आधी मासिक ठरव, मग चेहरा

प्रश्न : मी साताऱ्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गटाने जत्रेतल्या तंबू थिएटरवर छोटा लघुपट केला. आता त्याच लघुपटाचं एक पोस्टर आणि एका काल्पनिक सिनेमासिकाचं मुखपृष्ठ प्रकल्प म्हणून द्यायचं आहे. पोस्टर सरांना आवडलं. मुखपृष्ठ मात्र 'हेही पोस्टरच झालंय' एवढंच म्हणून परत दिलं. मी वर मासिकाचं नाव टाकलं होतं, खाली बारकोडसुद्धा टाकला होता. मग राहिलं काय?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सर दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुझी धावपळ वाचली असती, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. तू पाठवलेल्या पानावर अंधारा तंबू आहे, प्रोजेक्टरचा झोत आहे, झोतात पाठमोरा उभा मुलगा आहे, मधोमध लघुपटाचं नाव आहे आणि तळाशी दिग्दर्शकापासून चहा आणून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. चित्र देखणं आहे. आता वरचं 'पडदा' हे मासिकाचं नाव बोटाने झाकून बघ. पानाचं काही अडलं का? नाही अडलं. म्हणजे त्या नावाची पानाला गरजच नव्हती.

पोस्टर सिनेमा विकतं. मुखपृष्ठ मासिक विकतं, आणि सिनेमा त्या एका अंकापुरता त्याच्या कामी येतो. पोस्टरवर श्रेयनामावली लागते, प्रदर्शनाची तारीख लागते. मुखपृष्ठावर या दोन्हींना जागा नाही. तिथे मासिकाचं नाव, अंकाचा महिना, किंमत आणि आत काय वाचायला मिळेल याचे चार-पाच मथळे येतात. पण नुसतं हे सामान बदलून भागणार नाही. मासिकाचा मागचा अंक वाचकाने पाहिलेला असतो आणि पुढचाही तो पाहणार असतो, पोस्टरला असा मागचा-पुढचा काही नसतो. त्यामुळे 'कोणता फोटो लावू' हा पहिला प्रश्नच नव्हे. 'पडदा' कोण काढतं, कोण विकत घेतं, गेल्या महिन्यात त्याच्यावर कोण होतं, हे आधी ठरायला हवं. तू फोटोपासून सुरुवात केलीस. बहुतेक सगळे तिथूनच करतात.

तुमचा लघुपट तीन वेगवेगळ्या मासिकांच्या हाती देऊन पाहू, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल.

पहिलं मासिक 'फिल्मफेअर'च्या घराण्यातलं. टाइम्स समूहाने ते ७ मार्च १९५२ ला सुरू केलं आणि पहिल्या अंकावर कामिनी कौशल होत्या. या घराण्यात तारा मोठा, बाकी सगळं त्याच्यामागे. त्यांच्या हाती तुमचा लघुपट पडला तर तंबू पहिल्यांदा जाईल. मोकळ्या, स्वच्छ पार्श्वभूमीवर फक्त तुमच्या नटाचा चेहरा उरेल, उजेड नीट पडलेला, केस बसवलेले, नजर थेट आपल्याकडे. तंबू थिएटरचा उल्लेख एखाद्या मथळ्यात येईल, तोही नटाच्या नावाखाली.

दुसरं 'स्टारडस्ट'च्या वळणाचं. नारी हिरांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये ते काढलं. संपादक होत्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. पहिल्या मुखपृष्ठावर राजेश खन्ना होता, पण अंक खपवायला नुसता फोटो ठेवला नव्हता. सोबत त्याने गुपचूप लग्न केलं आहे का, असा सवाल होता. चेहरा ओळखीचा, सवाल मात्र नवा. इथे तुमच्या नटाचा फोटो बरा असला तरी चालेल, मथळा मात्र असा पाहिजे की स्टॉलवर उभ्या माणसाने पान उलटलंच पाहिजे. तंबूमालक आणि वितरक यांच्यात नक्की काय बिनसलं, असं काहीतरी.

तिसरं फिल्म सोसायटीच्या वाचकाचं. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' डोळ्यापुढे आण. किंवा फ्रान्समधलं 'काइए द्यू सिनेमा' घे. एप्रिल १९५१ च्या त्याच्या पहिल्या अंकावर 'सनसेट बुलेव्हार्ड'मधली ग्लोरिया स्वॉन्सन होती आणि भोवती पिवळा रंग. पुढे अंकागणिक चित्र बदलत गेलं, पिवळा मात्र वर्षानुवर्षं टिकला. दुरून पिवळं दिसलं की वाचकाला मासिक कळायचं, चित्र कोणाचं आहे ते जवळ गेल्यावर. अशा मासिकाला तुमचा पाठमोरा मुलगा चालेल. रिकामा तंबू आणि खुर्चीवर ठेवलेलं रिळाचं डबडं एवढंसुद्धा चालेल. मथळे दोन, बारीक अक्षरात.

लघुपट तोच, मासिकं तीन, आणि पानं इतकी वेगळी की एकाचा फोटो दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. सरांना हेच दिसलं नसणार. 'पडदा' यातलं कोणतं, हे तुझ्या पानावरून कळत नाही. म्हणून कागद घे आणि 'पडदा'चे गेल्या तीन महिन्यांचे काल्पनिक अंक पेन्सिलीने कच्चे काढ. प्रत्येकावर कोण होतं, नाव कुठे होतं, मथळे डावीकडे की उजवीकडे. तिन्ही शेजारी ठेवून ते एकाच घरातले वाटले की मग चौथा, म्हणजे तुमचा, काढायला बस. हे कच्चे कागद फेकू नकोस. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक 'हे असंच का केलंत' विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे हेच ठेवायचे.

मला विचारशील तर 'पडदा' तालुक्याच्या गावातल्या सिनेमावेड्या वाचकाचं मासिक कर. त्याला तारेही हवे असतात आणि सिनेमा कसा होतो हेही हवं असतं. अशा मासिकावर चेहरा लागेलच. पाठमोरा मुलगा पोस्टरवर राहू दे, तिथे तो शोभतो. मुखपृष्ठावर तुमच्या प्रोजेक्टर चालवणाऱ्या काकांना आण आणि त्यांना भिंगात बघायला सांग. अनोळखी माणसाचाही चेहरा पान धरून ठेवतो, मात्र त्याचे डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत आणि पानाच्या वरच्या भागात आले पाहिजेत. 'फँड्री'चा शेवट आठव. जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. पडद्यातून आपल्याकडे वळलेली नजर असंच काम करते.

आता नाव. इंग्रजी मासिकांत नटाचं डोकं मासिकाच्या नावावर चढलेलं तू पाहिलं असशील. एक-दोन अक्षरं अर्धी झाकली जातात आणि चित्राला खोली येते. तूही तसंच केलंयस, आणि 'पडदा'तला 'ड' बुबुळापुरता उरलाय. हे दोन कारणांनी जमलेलं नाही. एक उघड आहे : ज्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे त्यांनाच ते झाकण्याची चैन परवडते. दुसरं कारण लिपीचं आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. डोकं खालून वर येतं, म्हणजे अक्षराचा खालचा भाग झाकतं. रोमन अक्षरं वरच्या अर्ध्यावरून बऱ्यापैकी वाचता येतात. कागदाने कुठल्याही इंग्रजी ओळीचा खालचा अर्धा भाग झाकून बघ, वाचता येईल. आता मराठी ओळ तशीच झाक. वर उरते शिरोरेघ, चार वेलांट्या आणि मात्रा. प आणि ष, ब आणि व यांतला फरक रेघेखाली असतो, तोच गेला. तेव्हा देवनागरी नाव झाकायचंच असेल तर शेवटच्या कान्याला डोक्याने जरासं शिवावं, मधल्या अक्षराला हात लावू नये. किंवा नाव डोक्याच्या वर सबंध ठेवावं. त्यासाठी फोटो काढतानाच डोक्यावर भरपूर जागा सोडायला हवी, नंतर ती निर्माण करता येत नाही.

फोटोचं बोलायचं तर तुझा मुलगा धूसर का छापला गेला तेही सांगतो. तू लघुपटातून फ्रेम उचललीस ना? फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची असते आणि आडवी असते. तिच्यातून ए-फोर आकाराचा उभा तुकडा कापला की उंची १०८० आणि रुंदी साधारण ७६३ पिक्सेल उरते. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेबारा इंच उंच. १०८० पिक्सेल तेवढ्या उंचीवर ताणले की इंचाला जेमतेम ९२ येतात. छपाईला ३०० लागतात, म्हणजे पानभर २४८० बाय ३५०८. फोर-के मध्ये चित्रण केलं असतं तरी १८५च्या आसपासच पोचली असतीस. मोबाइलच्या पडद्यावर सगळंच सुरेख दिसतं, छापखान्यात पितळ उघडं पडतं.

सिनेमावाल्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून सेटवर चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याशिवाय स्थिरचित्रणाचा वेगळा माणूस असतो. मुंबईत दामोदर कामतांनी उभा केलेला 'कामत फोटो फ्लॅश' याच कामासाठी नावाजला. आपण जुन्या हिंदी सिनेमांची म्हणून जी छायाचित्रं पाहतो त्यांतली कित्येक फिल्मच्या रिळातली नाहीतच, ती अशा लोकांनी शेजारी उभं राहून काढलेली आहेत. तुम्हीही काकांना एकदा पुन्हा बोलवा आणि फोटो वेगळे काढा. मोबाइल चालेल. फक्त तो उभा धरा, चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नका, नाहीतर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चार पावलं मागे सरून दुप्पट झूमने घ्या. संध्याकाळी दाराशी बसवून घेतलात तर दिव्यांचा खर्चही वाचेल. आणि फोटो कशासाठी आहे हे काकांना सांगून त्यांची परवानगी लेखी घ्या.

मथळे. तुझ्या पानावर 'एक्सक्लुझिव्ह!', 'धमाकेदार मुलाखत' आणि 'बरंच काही' असे तीन आहेत. यातून आत काय आहे ते कळत नाही, कारण आत काही नाही. आधी आतल्या पानांची यादी कर, खोटी का होईना, पण नेमकी. तंबू थिएटरचंच घे. महाराष्ट्रातल्या जत्रांत फिरणाऱ्या या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट केला आणि तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यावर एक लेख होऊ शकतो. गजेंद्र अहिऱ्यांचा 'टुरिंग टॉकीज' आहे, त्यावर दुसरा. तिसरा लेख तुमच्या काकांची मुलाखत : रीळ मधेच तुटलं की तंबूतला गोंगाट कसा थोपवायचा. या तिसऱ्यातून मथळा आपोआप निघतो : 'रीळ तुटलं की मी गाणं म्हणायचो'. काका खरंच असं काही म्हणाले असतील तरच हो! नाहीतर ते जे म्हणाले ते लिही, गावाकडची माणसं आपल्यापेक्षा चांगले मथळे बोलतात. हा मथळा सगळ्यांत मोठा, बाकीचे त्याच्या निम्म्या आकारात. सगळे एकाच आकारात असले की एकही वाचला जात नाही.

अक्षरांबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण मराठी पानं इथे हमखास घसरतात. फोटोशॉपमध्ये तुझं 'प्रदर्शित' फुटलंय. र चं रूप सुटं पडलंय आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर गेलीय. फॉन्टला दोष देऊ नकोस. टायपोग्राफीच्या पसंतीत जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवड, नव्या आवृत्त्यांत त्याला 'वर्ल्ड-रेडी' म्हणतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावावा लागतो. हे केलं की जोडाक्षरं जागेवर बसतात. गावातल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत टाइप करून दिलेला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये उचलून चिकटवलास तरी असाच गोंधळ होतो, कारण ती जुनी पद्धत वेगळी आहे. तो मजकूर आधी रूपांतरित करून घे किंवा सरळ पुन्हा टाइप कर, चार ओळी तर आहेत.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त, बलू आणि मोदक पाहा. मथळ्यांना मुक्त छान, त्याची अनेक वजनं आहेत. मोदक इतका गुबगुबीत आहे की मासिकाच्या नावाला शोभेल, मथळ्याला लावलास तर गुदमरायला होईल. 'इंडियन टाइप फाउंड्री'चा तेको उंच आणि अरुंद, कमी जागेत मोठं बसतं. फॉन्ट निवडताना ल आणि श काढून बघ. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श देतात, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांना ते परके वाटतात, का ते त्याला सांगता येत नाही. 'तीरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये आपली वळणं आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, तुझ्या तिसऱ्या मथळ्यात अडकल्याच आहेत. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नकोस. इंग्रजीत अक्षरं विरळ केली की रुबाब येतो, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

रंग तीनच वापर, त्यातला एक फोटोतूनच उचल. छापायला देताना चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोड आणि महत्त्वाचं अक्षर कडेपासून आत ठेव. फोटोशॉप परवडत नसेल तर इंकस्केप आणि स्क्राइबस मोफत आहेत, दोन्हींत मराठी नीट चालतं.

झालेलं पान भिंतीला लाव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. मग तेच पान मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघ. दोन्हीकडे नाव वाचता आलं आणि डोळे दिसले तर सरांकडे जा.

प्रश्न : जुन्या सिनेमासिकांची मुखपृष्ठं रंगवलेली असायची. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'चे अंक आमच्या वडिलांनी जपले होते. हे चित्रकार कोण आणि ही पद्धत का गेली?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते अंक अजून असतील तर उन्हापासून लांब ठेवा. 'फिल्मइंडिया' १९३५ मध्ये मुंबईतून सुरू झालं. बाबूराव पटेलांच्या लेखणीचा धाक तुम्हाला सांगायला नको. मुखपृष्ठावर मात्र रंगांची लयलूट. त्या काळातलं मोठं नाव एस. एम. पंडित. मूळचे गुलबर्ग्याचे, मुंबईत सिनेमाच्या पोस्टरांनी आणि पुढे पौराणिक चित्रांनी गाजले. त्यांच्याच पठडीत रघुवीर मुळगावकर, ज्यांची मुखपृष्ठं मराठी घरांत दिवाळी अंकांमुळे पोचली. तुमचं कोल्हापूर तर या कलेचं माहेरच. बाबूराव पेंटर सिनेमा करायचे आणि त्याची पोस्टरंही स्वतः रंगवायचे.

रंगवण्याचं कारण हौशीपेक्षा छपाईत जास्त होतं. सिनेमे कृष्णधवल, सेटवरचे फोटोही कृष्णधवल. रंगीत छायाचित्रण महाग, आणि ते छापण्यासाठी चार रंगांचे वेगळे ब्लॉक करायचे तेही महाग. कृष्णधवल फोटो समोर ठेवून चित्रकाराकडून रंगीत चित्र करून घेतलं की दोन कामं साधायची. रंग मिळायचा, आणि छापताना कोणता रंग फिका पडतो, कोणता फाकतो, हे जाणणारा चित्रकार त्याप्रमाणे कुंचला चालवायचा. नटीच्या गालांवरची ती अतीव गुलाबी छटा आठवते? ती कागदाने शोषून घेतल्यावर बरोबर उतरायची.

पुढे ऑफसेट आली, रंगीत पारदर्शिका स्वस्त झाल्या आणि छायाचित्रकाराचे दिवस आले. मराठीत याचं ठळक उदाहरण गौतम राजाध्यक्ष. जाहिरातीच्या धंद्यातून आलेला हा माणूस १९८० पासून नट-नट्यांचे चेहरे टिपू लागला आणि 'चंदेरी' या मराठी सिनेपाक्षिकाचा संपादकही झाला. ज्याला चेहऱ्यावरचा उजेड कळतो त्याच्याच हातात संपादन, अशी जोडी फार थोड्या मासिकांना लाभली. त्यांच्या आधीची मुखपृष्ठं नट्यांना सजवायची, त्यांची स्वतःची छायाचित्रं बऱ्याचदा नटीला निवांत बसलेली दाखवतात. मला दोन्ही आवडतात, पण मुळगावकरांच्या चित्राकडे हात आधी जातो.

रंगवलेलं मुखपृष्ठ पूर्ण गेलं असंही नाही. लंडनहून निघणारं 'लिटल व्हाइट लाइज' २००५ पासून मुखपृष्ठावर आवर्जून रेखाटलेले चेहरे घेतं, आणि स्टॉलवर फोटोंच्या गर्दीत तेच उठून दिसतं. साताऱ्याच्या मुलीच्या गटात कोणी चित्र काढणारं असेल तर हा मार्ग तिलाही मोकळा आहे.

प्रश्न : मुलाला असाच प्रकल्प आहे. तो एआयकडून चित्र करून घ्यायचं म्हणतो. चालेल का?
— एक पालक, पुणे

उत्तर : महाविद्यालयाचा नियम काय आहे ते आधी विचारा आणि वापरलं तर तसं लिहून द्या. न सांगता वापरणं ही फसवणूक आहे, गुण मिळोत न मिळोत. माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. हा प्रकल्प मुलाने माणसाला खुर्चीवर बसवावं, पडदा सरकवून उजेड बघावा, पन्नास फोटोंतून एक निवडावा, यासाठी दिलेला असतो. ते सगळं एका ओळीच्या सूचनेत उरकलं तर त्याच्या हाती छापील कागदाशिवाय काही लागणार नाही. शिवाय चित्रात मराठी अक्षरं काढायला सांगितली की ही यंत्रं अजून बऱ्याचदा लिपीसारखं दिसणारं काहीतरी गिरबटतात. तेव्हा अक्षरं तरी स्वतः टाइप करा म्हणावं.

प्रश्न : जुने अंक बघायचे तर कुठे जायचं? रद्दीवाल्याकडे आता मिळत नाहीत.
— एक शिक्षक, सांगली

उत्तर : पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. १९६४ मध्ये ते स्थापन झालं. फिल्मच्या रिळांखेरीज पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका, स्थिरचित्रं आणि नियतकालिकं तिथे जपलेली आहेत. वाचनालयात काय पाहायला मिळेल आणि कोणत्या वेळेत, ते आधी पत्र लिहून विचारा, विद्यार्थ्यांचा गट घेऊन थेट दारात उभे राहू नका. गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयातही विचारून पाहा. नाशिकच्या 'गावकरी'चं 'रसरंग' किती घरांत यायचं! त्याच्या बांधीव फाइली एखाद्या वाचनालयाच्या माळ्यावर असू शकतात.

प्रश्न : मासिकावरच्या बारकोडमध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं? पुस्तकावरचा आणि तो एकच का?
— एक दुकानदार, पेण

उत्तर : पट्ट्या तशाच, आकडे वेगळे. पुस्तकावरचा बहुधा ९७८ ने सुरू होतो, नियतकालिकावरचा ९७७ ने. नियतकालिकाला आठ अंकी आयएसएसएन क्रमांक घेता येतो. त्यातला शेवटचा पडताळणीचा अंक गाळून उरलेले सात घेतात, आधी ९७७ लावतात, मागे दोन अंक जोडतात आणि शेवटी नवा पडताळणी अंक काढतात. एकूण तेरा. हा क्रमांक मासिकाचा झाला, अंकाचा नव्हे. जून कोणता आणि जुलै कोणता हे यंत्राला कळावं म्हणून शेजारी दोन किंवा पाच आकड्यांची छोटी जोडपट्टी असते. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण परत आलेले अंक मोजताना वितरकाला तीच उपयोगी पडते.

पट्ट्या काळ्याच का, असंही तुम्ही विचाराल. दुकानातल्या पुष्कळ यंत्रांचा प्रकाश लाल असतो. लाल पट्ट्या त्याला पांढऱ्यासारख्याच दिसतात, म्हणजे पांढऱ्यावर लाल छापलं की यंत्राला कोरा कागद. दोन्ही बाजूंना थोडी कोरी जागाही लागते, नाहीतर पट्टी कुठे सुरू झाली ते यंत्राला समजत नाही.

बारकोड छापायची सक्ती नाही. आपल्याकडे नियतकालिकाची नोंदणी वेगळी. पूर्वी ती १८६७ च्या कायद्याखाली व्हायची, १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. साताऱ्याच्या मुलीच्या दोन-चार छापील प्रतींना यातलं काही लागत नाही. तिने एवढंच करावं : इंटरनेटवरून दुसऱ्या मासिकाचा बारकोड उचलून लावला आहे तो काढावा. तो खराच आहे, स्कॅन केला तर परक्याचं नाव येईल. त्याजागी शून्यांचा नमुना ठेवावा, आणि तो डाव्या कोपऱ्यात, काकांच्या हातावर नको.